घरचा संगणक विज्ञानाला देताना : कोणता प्रोसेसर, किती वीज?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ आपल्याकडच्या बहुतेक घरांना ठाऊक आहे ते ज्योतिर्लिंगामुळे. त्याच परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. १९५६ पर्यंत ते गाव आणि आपले बीदर-कलबुर्गी एकाच हैदराबाद राज्यात होते, तेव्हा हा आपल्याच अंगणातला प्रकल्प म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेतील लायगो वेधशाळांची माहिती तपासण्याचे काम आजही घरोघरचे संगणक करतात, हे मात्र कमी लोकांना माहीत आहे. २००५ पासून 'आइन्स्टाइन अॅट होम' हा प्रकल्प चालू आहे. बॉइंक नावाची मोफत प्रणाली घ्यायची. ती मोठ्या गणिताचा एक तुकडा आपल्या यंत्रावर आणते, सोडवते आणि उत्तर परत पाठवते. २०१० मध्ये याच प्रकल्पातून एक पल्सार तारा सापडला. ज्यांच्या संगणकांवर तो सापडला ते अमेरिकेतील आयोवाचे एक जोडपे आणि जर्मनीचा एक गृहस्थ होते. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांतून येणारी अखंड गुरुत्वीय लहर मात्र अजून हाती लागलेली नाही.

आपल्या भागातील अभियांत्रिकीची मुले यात उतरू लागली की पहिला मोह होतो तो जुन्या सर्व्हरचा. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले सर्व्हर हैदराबाद-पुण्याच्या बाजारात स्वस्तात मिळतात. दोन प्रोसेसर, सोळा कोअर, भरपूर मेमरी, आणि किंमत नव्या संगणकाहून कमी. घ्यावा का? आमचे मत : बिल भरणाऱ्या वडिलांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि त्यांना विचारण्याआधी हिशेब मांडावा.

इंटेलचा झिऑन ई५-२६७० हा २०१२ चा प्रोसेसर ८ कोअरचा आणि ११५ वॅटचा. म्हणजे एका कोअरमागे साधारण १४ वॅट. २०१६ चा ई५-२६८० व्ही४ हा १४ कोअरचा, १२० वॅटचा, कोअरमागे साडेआठ. एएमडीचा एपिक ७७४२ हा २०१९ चा, ६४ कोअर आणि २२५ वॅट, कोअरमागे साडेतीन. ३२ नॅनोमीटरवरून १४ आणि मग ७ नॅनोमीटरच्या तंत्रावर येताना एवढा फरक पडला. शिवाय नवा कोअर त्याच वेगाच्या जुन्या कोअरपेक्षा एका ठोक्यात जास्त काम उरकतो. हे वॅट मात्र कंपनीने डब्यावर लिहिलेले. पंखे, मेमरी, पॉवर सप्लाय यांची वीज त्यात धरलेली नसते. म्हणून प्लगला लावायचे साधे वीजमापक आणावे आणि भिंतीतून प्रत्यक्ष किती वीज जाते ते पाहावे.

मोजायचे एकच : एका युनिटमागे किती तुकडे पूर्ण झाले. समजा, जुना दोन प्रोसेसरचा सर्व्हर भिंतीतून ३५० वॅट घेतो, एका वेळी १६ तुकडे चालवतो आणि प्रत्येकाला ८ तास लागतात. दिवसाला ४८ तुकडे, वीज ८.४ युनिट. एका युनिटला पावणेसहाच्या आसपास. दुसरीकडे आठ कोअरचा अलीकडचा डेस्कटॉप ११० वॅट घेतो, एका वेळी ८ तुकडे, प्रत्येकी ४ तास. तुकडे तेवढेच ४८, वीज मात्र २.६४ युनिट. एका युनिटला अठरा. (आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या यंत्राचे तुम्हीच काढा.) तुलना करताना दोन्हीकडे एकाच प्रकारचे तुकडे घ्यावेत आणि निदान दोन-तीन दिवसांची सरासरी काढावी. सगळे कोअर एकदम चालवले की कॅश आणि मेमरीसाठी ओढाताण होते व प्रत्येक तुकडा रेंगाळतो. त्यामुळे एकच तुकडा चालवून काढलेला वेळ फसवा असतो.

आता गृहज्योती. जुलै २०२३ पासून कर्नाटकात घरगुती ग्राहकाला मागील सरासरी वापर अधिक १० टक्के एवढी वीज मोफत आहे, तीही २०० युनिटच्या आत. महिन्याचा वापर २०० ओलांडला की पूर्ण बिल भरावे लागते. ज्या घराची सरासरी ११० आहे, तिथे १२१ युनिट मोफत. वरचा डेस्कटॉप महिनाभर रात्रंदिवस चालवला तर ७९ युनिट वाढतात. एकूण १८९, म्हणजे ६८ युनिटचे पैसे द्यायचे. तो जुना सर्व्हर एकटाच २५२ युनिट खातो. घराची सगळी सवलत त्या महिन्यापुरती गेलीच. स्वस्तात घेतलेल्या यंत्राची खरी किंमत जेस्कॉमच्या बिलावर अशी दिसते.

आणि उन्हाळा! यंत्राने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गीला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खोलीत ३५० वॅटची शेगडी कोण ठेवील? गरम चिपमधून वीज जास्त गळते, पंखे जोरात फिरतात, आणि फार तापली तर ती आपला वेग आपणच कमी करते. युनिटमागचे काम घटते ते असे.

उपाय साधा आहे, वेग थोडा उतरवावा. चिपची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के उतरवले तर काम ८० टक्के होते, पण वीज ६५ टक्क्यांच्या आसपास लागते. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर यासाठी इको मोड असतो. बॉइंकमध्ये किती कोअर वापरायचे आणि कोणत्या वेळेत चालायचे हेही ठरवता येते. उन्हाळ्यात रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ बरी. वीज गेली तर काम मधल्या टप्प्यापासून पुढे सुरू होते, सहसा पहिल्यापासून करावे लागत नाही. त्यामुळे इन्व्हर्टरवर हे यंत्र जोडू नये, घरातले पंखे-दिवे आधी.