नऊनं भाग जातो का?

१९८४ साली नागपुरात, इतवारीतल्या एका बँकेत मी कारकून होतो. एका संध्याकाळी रोकड ६३०० रुपयांनी कमी भरली. त्या दिवसांत ही रक्कम थोडी नव्हती. नोटा दोनदा मोजून झाल्या. कॅशियर निवृत्तीला आलेले. त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. तेवढ्यात हेडक्लार्क म्हणाले, "आधी नऊनं भाग जातो का बघ रे!"

गेला. बरोबर ७००. म्हणजे पैसे गेलेले नसावेत, आकडे उलटसुलट पडले असावेत. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो. अर्ध्या तासात स्लिप सापडली. भरणा १८४० चा, वहीत ८१४०. अक्षर माझंच होतं! कॅशियरसाहेब एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

नवाचा हा स्वभाव पुढं मला पुन्हा भेटला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या लेखनात. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. त्यांची ६१७४ ही संख्या पुष्कळांना ठाऊक असते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आणि हेच करत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हजर! अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. तेव्हा इथंही नऊनं भाग जाणारच.

पण माझी आवडती संख्या त्याहून पुष्कळ मोठी आहे. नऊ एक ओळीनं लिहा, १११११११११, आणि त्या संख्येला तिनंच गुणा. उत्तर : १२३४५६७८९८७६५४३२१. शाळेतल्यासारखा गुणाकार मांडून पाहा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं सरकलेली. मधल्या रकान्यात नऊ एक जमतात, म्हणून कुठंही हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधे १० होतात, हातचा येतो आणि जिना मोडतो. अशा संख्यांना कापरेकरांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनावरून 'डेम्लो' नाव दिलं. लीलावतीतल्या स्थानांत मोजायचं तर ही 'मध्य' या स्थानापर्यंत पोचते. पुढं फक्त परार्ध उरतो.

अंकांच्या बेरजेनं जिला नि:शेष भाग जातो, तिला कापरेकर 'हर्षद' म्हणत : आनंद देणारी. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. गणितज्ञांनी त्यांचं काम बराच काळ निव्वळ करमणूक मानलं; १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिलं तेव्हा कुठं जगभर नाव झालं. मला विचाराल तर, ज्यानं एका माणसाची अब्रू राखली त्या नवाला करमणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

परवा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून मी कागदावर ८१ नं भाग दिला, म्हणजे नऊनं दोनदा. पहिल्यांदा १३७१७४२१०९७३९३६९. दुसऱ्यांदा १५२४१५७८९९७१०४१. बाकी शून्य. सवयीनं ताळाही करून पाहिला.