पेढीच्या संगणकातील किल्ल्या

जुन्या काळी धान्यबाजारात सौदा रुमालाखाली होत असे. घेणाऱ्या-देणाऱ्यांची बोटे भाव ठरवीत आणि भोवती उभ्या असलेल्या दहा माणसांस त्याचा पत्ता लागत नसे. पुढे बाजार समित्यांचे कायदे आले, उघड लिलाव सुरू झाले व ती 'हत्ता' पद्धत बंद पडली. ते योग्यच झाले. परंतु व्यापाऱ्याची गुप्त राखावयाची गोष्ट काही सरली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून तर विवरणपत्रे, ई-वे बिल, बँक, ई-मेल अशा प्रत्येकाचा पासवर्ड निराळा ठेवावा लागतो. आमच्या नवागामातील कित्येक पेढ्यांवर एकाच संगणकापुढे मालक, मुनीम व कॉलेजात जाणारा नातू असे तिघे आळीपाळीने बसतात. इतके पासवर्ड ध्यानात कोण ठेवणार? म्हणून ब्राउझर 'जतन करू काय?' असे विचारतो आणि आपण बेलाशक होकार देतो.

गतवर्षी आम्ही पेढीवरील जुना संगणक विकला. चार दिवसांनी तो घेणाऱ्या सद्गृहस्थांचा दूरध्वनी आला. 'शेठजी, आपल्या बँकेचा पासवर्ड हाच ना?' असे म्हणून त्यांनी तो अक्षरशः वाचून दाखविला. गृहस्थ सज्जन, म्हणून निभावले. त्या रात्री मात्र आम्हांस झोप आली नाही.

हे घडले कसे, ते मागाहून समजून घेतले. क्रोम ब्राउझर पासवर्ड कुलूपबंद करूनच ठेवतो. पण त्या कुलपाची किल्ली संगणकाच्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. नुसती डिस्क काढून नेणाऱ्यास ते सहसा वाचता येत नाहीत. उलट त्याच खात्यात जो बसला, त्यास ब्राउझर मालकच समजतो. पासवर्ड उघड दाखविण्यापूर्वी तो विंडोजचा पासवर्ड विचारतो खरा, परंतु आमच्या संगणकास तो मुळी घातलेलाच नव्हता. तिजोरी भक्कम, आणि किल्ली तिच्याच कडीला!

फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' नावाची आणखी एक सोय आहे. सर्व जतन केलेल्या पासवर्डांवर ही एक मुख्य किल्ली बसते व ब्राउझर नव्याने उघडल्यावर ती एकदा द्यावी लागते. ती विसरल्यास मात्र जतन केलेले पासवर्ड परत मिळत नाहीत. सर्व पुसून नव्याने आरंभ करावा लागतो. आम्ही हीच पसंत केली.

म्हणून ब्राउझरात काही ठेवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्या पत्त्यावर पासवर्ड जतन केला, त्याच पत्त्यावर ब्राउझर तो पुढे करतो. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल समोर आली तरी पत्ता निराळा असल्याने तो गप्प राहतो, आणि हे गप्प राहणे व्यापाऱ्याने इशारा म्हणून घ्यावे. आमच्या साठी उलटलेल्या डोळ्यांस एका अक्षराचा फरक दिसत नाही. त्यास तो दिसतो.

सर्वांत जपावयाचा तो ई-मेलचा पासवर्ड. इतर ठिकाणी 'पासवर्ड विसरलो' म्हटले की नवा करण्याचा दुवा बहुधा तेथेच येतो. तेव्हा ई-मेल गेली की पाठोपाठ सारे गेले. तीस मोबाईलवरील ओटीपीची दुसरी कडी अवश्य लावावी. आणखी एक खोड आमच्या नातवाची. नव्या संगणकावर न्यावयाचे म्हणून त्याने सारे पासवर्ड एका फाइलीत उतरवून घेतले. ती फाइल उघड्या अक्षरांत असते; काम होताच ती पुसावी, कचरापेटीतूनही काढावी. पेढीच्या संगणकावर त्याने आपले गूगल खाते जोडले होते, तेव्हा घरचे पासवर्डही दुकानात येऊन बसले होते.

सांप्रत आमच्याकडे मुनिमाचे विंडोज खाते निराळे आहे. बँकेचा पासवर्ड पेढीवर जतन करीत नाही. जागेवरून उठताना विंडोजची कळ व एल दाबून पडदा बंद करतो. मुनीम बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलतात. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफा लाखेने बंद करून, घरच्या तिजोरीत ठेवला आहे. तो कोठे आहे हे आमच्या सौभाग्यवतींस व थोरल्या सूनबाईंस ठाऊक आहे, नातवास नाही.