एन्लार्जरचा दिवा बदलताना
अंधारखोली : लेखांक ६ वा

गेल्या आठवड्यात एन्लार्जरचा खांब सरळ केला, भिंग पुसलं, निगेटिव्हची चौकट तपासली. आता वरचा डबा उघडू. जुन्या स्टुडिओतून आलेला एन्लार्जर असेल तर आत बहुधा ७५ किंवा १५० वॅटचा दुधी बल्ब सापडेल, नाहीतर त्याचं रिकामं होल्डर. फोटोसाठी मुद्दाम बनवलेले हे बल्ब आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे एलईडी लावावा का, हा प्रश्न डार्करूम पुन्हा उभी करणाऱ्या प्रत्येकापुढे येतो.

माझं उत्तर आहे : जरूर लावा. पण वीज वाचते म्हणून लावू नका. साधा हिशेब करून पाहा. शंभर प्रिंट काढले, प्रत्येकाला २० सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, तर ७५ वॅटच्या बल्बला त्या एक्स्पोजरसाठी लागणारी वीज एका युनिटच्या चोविसाव्या भागाएवढी होते. त्यात वाचवण्यासारखं काही नाही. एलईडी लावायचा तो उजेड स्थिर राहावा म्हणून. मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी या कामात स्थिर उजेडाइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

तारेच्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज थोडं उतरलं तरी उजेड पुष्कळ उतरतो. ढोबळ नियम आहे : उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. २३० व्होल्ट दहा टक्क्यांनी उतरून २०७ झाले, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे दुपारी टेस्ट स्ट्रिप काढून १२ सेकंद ठरवलेत आणि संध्याकाळी गावभर कूलर लागल्यावर तोच प्रिंट काढायला बसलात, तर आता १७ सेकंद लागतील. घड्याळ मात्र बाराच दाखवणार. प्रिंट फिका आला की माणूस डेव्हलपरला दोष देतो, पेपर जुना झाला म्हणतो, आणि लाइनकडे त्याचं लक्षच जात नाही. डार्करूमची शिस्त एकाच गोष्टीवर उभी आहे. आज जे केलं ते उद्या तसंच करता आलं पाहिजे. एन्लार्जरपुढे स्टॅबिलायझर लावायचा तो त्यासाठीच.

व्होल्टेज उतरलं की उजेडाचा रंगही बदलतो. तार कमी तापते, उजेड पिवळा पडतो, त्यातला निळा भाग घटतो. ठरावीक ग्रेडच्या जुन्या पेपरवर याचा परिणाम वेळेपुरता राहतो. मल्टिग्रेड पेपरवर मात्र कॉन्ट्रास्टच हलतो. इलफर्डने १९४० मध्ये बाजारात आणलेल्या या प्रकारच्या पेपरवरचं इमल्शन निळ्या उजेडाला कडक आणि हिरव्या उजेडाला मऊ उत्तर देतं. उजेडातलं निळं-हिरव्याचं प्रमाण बदललं की चित्राचा पोत बदलतो. सेकंद वाढवून ही चूक भरून निघत नाही.

उजेड स्थिर ठेवण्याची ही धडपड एन्लार्जरइतकीच जुनी आहे. १८५७ साली बाल्टिमोरच्या डेव्हिड वुडवर्डने पेटंट घेतलेल्या एन्लार्जरला दिवाच नव्हता. आरशाने सूर्याचा उजेड आत घ्यायचा आणि सूर्य सरकेल तसा आरसा फिरवत राहायचं. ढग आला की काम थांबलं. पुढे आर्क आले, तारेचे बल्ब आले, नळीसारखे कोल्ड लाइट आले, रंगीत कामासाठी हॅलोजन आले. पांढरा एलईडी शक्य झाला तो १९९०च्या दशकात निळा एलईडी आल्यावर. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. डार्करूमच्या दृष्टीने या इतिहासातली मोलाची गोष्ट ही, की नीट ड्रायव्हर असलेला एलईडी लाइन १८० असो वा २४०, सारखाच उजेड देतो.

सगळ्यात सोपा मार्ग दुकानातला बल्ब. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली तेव्हापासून ९ वॅटचा एलईडी बल्ब गावोगावी पोचला आहे आणि उजेडाच्या मापाने तो साध्या ७५ वॅटच्या बल्बच्या आसपास बसतो. आधी होल्डर पाहा. युरोपातल्या एन्लार्जरना बहुधा आट्यांचं होल्डर असतं, आपल्या घरात पिनचं. बदलणारा अडॉप्टर मिळतो, पण त्याने बल्ब दोन-तीन सेंटिमीटर खाली येतो आणि कंडेन्सरच्या एन्लार्जरमध्ये तेवढा फरक पुरतो : मध्यभाग उजळ आणि कोपरे काळवंडलेले. शिवाय जुना दुधी बल्ब चहूबाजूंनी उजेड टाकायचा. एलईडी बल्बचा अर्धा भाग प्लॅस्टिकचा आणि आंधळा असतो. म्हणून बल्ब बसवल्यावर निगेटिव्ह न लावता, भिंग दोन थांबे बंद करून, मध्यम करडा रंग येईल एवढं एक्स्पोजर द्या आणि तो पेपर धुऊन दिवसाच्या उजेडात पाहा. डोळ्याला बेसबोर्डवर जे दिसत नाही ते पेपर स्पष्ट सांगतो. डाग दिसला तर बल्ब वर-खाली सरकवत तो जाईपर्यंत पुन्हा काढा. या एका कामाला एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. बटण बंद केल्यावरही काही एलईडी बल्ब मंद जळत राहतात. न्यूट्रलवर बटण असलं, बोर्डात इंडिकेटरची लाल बत्ती असली किंवा टायमरमधून थोडा करंट गळत असला की असं होतं. खोलीत तो उजेड कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण पेपर बेसबोर्डवर ठेवून तुम्ही चौकट जुळवत असता तेवढ्या वेळात त्यावर धुकं चढतं. पूर्ण अंधारात पाच मिनिटं बसा, डोळे सरावले की दिव्याच्या डब्याकडे पाहा. त्यानेही खात्री पटली नाही तर भिंगाखाली पेपरचा तुकडा, त्यावर नाणं, दिवा ‘बंद’, दहा मिनिटं. धुतल्यावर नाण्याचा गोल उमटला तर तो बल्ब एन्लार्जरमध्ये नको.

आता रंग. आपल्या दुकानांत सर्रास मिळतो तो ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र बल्ब. आत निळा एलईडी आणि त्यावर पिवळी पूड असते. त्याच्या उजेडात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो, पुढे दरी, मग हिरव्या-पिवळ्याचा पसरट उंचवटा. तारेच्या बल्बसारखा तो सलग नसतो. मल्टिग्रेडचे ०० ते ५ क्रमांकाचे फिल्टर तारेच्या उजेडासाठी बेतलेले आहेत. त्यामुळे असा बल्ब लावला की फिल्टरशिवायचा प्रिंट नेहमीपेक्षा कडक येतो, खालच्या क्रमांकांना अपेक्षित मऊपणा येत नाही आणि दोन क्रमांकांमधलं अंतर सारखं राहत नाही. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब मिळाला तर तो घ्या, फरक बराच कमी होतो. आणि कोणताही घेतलात तरी डब्यावरचा वेळेचा तक्ता विसरून स्वतःचा तक्ता बनवा.

मला स्वतःला मनापासून आवडते ती यापुढची वाट : पांढरा उजेड सोडूनच द्यायचा. पेपरला निळा आणि हिरवा एवढंच कळतं, तर त्याला तेवढंच द्यावं. इलफर्डच्या मल्टिग्रेड ५०० हेडमध्ये दोन हॅलोजन दिवे आणि त्यांच्यापुढे निळे-हिरवे फिल्टर हीच कल्पना होती. जर्मनीतल्या हायलँडचे एलईडी हेड त्याच तत्त्वावर चालतात, पण ते आपल्या खिशाला झेपणारे नाहीत. झेपते ती आरजीबी एलईडी पट्टी, गणपतीच्या आराशीत आणि लग्नाच्या स्टेजवर लावतात ती. तिच्यात निळा, हिरवा, लाल असे तीन वेगळे दिवे असतात. हिरव्याने एक एक्स्पोजर द्यायचं, त्यात आकाश, पांढरं धोतर, चेहऱ्यावरचा उजेड यांचे बारकावे उतरतात. मग निळ्याने दुसरं, त्याने काळं काळं होतं. दोन वेळांचं प्रमाण बदललं की ग्रेड बदलला. फिल्टर लागत नाहीत. लाल दिवा पेपर जागेवर ठेवून चौकट जुळवायला उपयोगी पडतो. फोकस हिरव्यात करा, निळ्यात डोळ्याला बारकावा नीट दिसत नाही. मात्र हे सगळं मल्टिग्रेड पेपरसाठी. कपाटात ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’सारखं जुनं ठरावीक ग्रेडचं पाकीट शिल्लक असेल, तर त्याला हिरवा जवळजवळ कळत नाही. तिथे निळा किंवा पांढराच वापरा.

पट्टी स्वस्त आहे, पण आपोआप स्थिर नाही, आणि इथे पुष्कळजण चुकतात. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत आणि सोबत रेझिस्टर असतो. निळ्या किंवा हिरव्या तीन एलईडींना मिळून साधारण ९.६ व्होल्ट लागतात, रेझिस्टरच्या वाट्याला २.४ उरतात. पुरवठा १२ वरून ११.४ झाला की ते २.४ चे १.८ होतात, म्हणजे करंट पंचवीस टक्क्यांनी घटला. लाइट गेली म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ही पट्टी थेट जोडली, तर उतरत्या बॅटरीबरोबर उजेड उतरत जाईल आणि ज्या दुखण्यापासून सुटायला निघालो तेच परत येईल. म्हणून ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं छापलेला चांगला १२ व्होल्टचा अडॉप्टर घ्या. तो लाइनची चढउतार स्वतः सोसतो. बॅटरीवरच चालवायचं असेल तर मध्ये स्थिर करंट देणारा ड्रायव्हर हवा. टायमर अडॉप्टरच्या आधी जोडू नका, अडॉप्टर आणि पट्टी यांच्यामध्ये, १२ व्होल्टच्या बाजूला जोडा. आधी जोडला तर बटण दाबल्यावर उजेड यायला उशीर होतो आणि बंद केल्यावर अडॉप्टरमधली साठवण संपेपर्यंत तो रेंगाळतो. पाच सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये हा घोळ परवडत नाही.

पट्टी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवा. एलईडी तापला की त्याचा उजेड थोडा घटतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते. पत्रा उष्णता ओढून घेतो. पत्र्याखाली काही सेंटिमीटर अंतर सोडून दुधी ॲक्रिलिक बसवा. दुकानांचे उजेडाचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे त्याचे तुकडे मिळतात. डब्याची आतली बाजू पांढरी रंगवा.

असा पसरलेला उजेड वापरायचा तर कंडेन्सरची भिंगं काढून ठेवावी लागतात आणि त्याने प्रिंटचा स्वभाव बदलतो. कंडेन्सरमधून येणारा उजेड सरळ रेषेत येतो, निगेटिव्हमधल्या चांदीच्या कणांवर आपटून विखुरतो, आणि जिथे चांदी दाट तिथे जास्त विखुरतो. त्यामुळे कॉन्ट्रास्ट वाढतो. आंद्रे कालिए यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. पसरलेल्या उजेडात तो जवळजवळ नाहीसा होतो, प्रिंट साधारण एका ग्रेडने मऊ होतो. तेवढा निळा वाढवला की भरून निघतं. बदल्यात मिळतं ते फार मोठं आहे : निगेटिव्हवरचे ओरखडे आणि धूळ कमी दिसतात. वर्षानुवर्षं पाकिटात घासलेल्या, बोटांचे ठसे पडलेल्या कुटुंबाच्या निगेटिव्ह छापायच्या असतील तर मी पसरलेला उजेडच निवडीन.

जुन्या एन्लार्जरचा डबा लोखंडी असतो आणि कित्येकांना अर्थिंग नसतं. २३० व्होल्टच्या बाजूचं कोणतंही काम गावातल्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, ओल्या हातांनी काम होणाऱ्या या खोलीत अर्थिंगवाचून एन्लार्जर चालवू नका.

मालेगाव, शिरपूर, मेडशी, रिसोड, कुठेही बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर एन्लार्जर धूळ खात असेल आणि घरचे तो भंगारात द्यायला निघाले असतील, तर त्यांना थांबवा. खांब, भिंग आणि निगेटिव्हची चौकट धड असतील तर फक्त दिवा बदलायचा आहे, आणि तो कसा बदलायचा हे आता तुमच्या हातात आहे. पुढच्या आठवड्यात निळ्या-हिरव्याच्या वेळांचा तक्ता बनवू. त्यासाठी मल्टिग्रेड पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून काळ्या पाकिटात तयार ठेवा.