लालबागचा ‘ल’ कोणता?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात लालबागच्या उड्डाणपुलाखालून परळच्या दिशेने चालत निघा. दोन्ही अंगांना मंडळांच्या कमानी, देणगीदारांची नावे, पुढाऱ्यांच्या शुभेच्छा. मजकूर वाचू नका. ‘लालबाग’ या शब्दातला ‘ल’ तेवढा पाहा. एखाद्या चाळीच्या तोंडाशी रंगाऱ्याने ब्रशने काढलेली जुनी पाटी असेल, तर तिथला ‘ल’ बहुधा दोन पाकळ्यांचा असेल, मधोमध शिरोरेषेला टांगलेला. शेजारच्या ताज्या फ्लेक्सवर मात्र उजवीकडे उभा दंड आणि त्याला डावीकडून येऊन चिकटलेले वळण, असा ‘ल’ दिसण्याची शक्यता जास्त. एकाच नाक्यावर, एकाच शब्दात, दोन ‘ल’.

दोन्ही देवनागरीच, आणि दोन्ही वाचायला अडचण नाही. पण मराठी शाळेत आपण पाटीवर गिरवला तो पाकळ्यांचा. दंडाचा ‘ल’ हिंदीच्या वळणाचा. शेंडीफोड्या ‘श’चेही तसेच आहे: मराठीत देठाचा, हिंदीत गाठीचा. राज्य शासनाने १० नोव्हेंबर २०२२ रोजी वर्णमालेविषयीचा निर्णय अद्ययावत केला, त्यातही मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचाच पुरस्कार आहे. अडचण एवढीच की फ्लेक्स छापणाऱ्याचा संगणक शासन निर्णय वाचत नाही. तो फॉन्ट वाचतो.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. युनिकोड या जागतिक क्रमवारीत देवनागरीच्या मुख्य संचाला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक दिलेले आहेत. ‘ल’चा क्रमांक २३५४. ‘लालबाग’ म्हणजे संगणकाच्या लेखी २३५४, २३६६, २३५४, २३४८, २३६६, २३२७ ही सहा आकड्यांची माळ. मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांना वेगळे क्रमांक नाहीत, आणि ते बरेच आहे. नाहीतर एका वळणात लिहिलेले ‘लालबाग’ दुसऱ्या वळणात शोधून सापडले नसते. वळण ठरवायचे काम फॉन्टवर सोपवलेले आहे. विंडोज २०००पासून ‘मंगल’ हा फॉन्ट घरोघरी पोचला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी हे आयआयटी मुंबईत शिकवलेले, मराठी सुलेखनातले मोठे नाव. पण साऱ्या देवनागरी भाषांसाठी एकच फॉन्ट द्यायचा म्हटल्यावर त्यात ‘ल’ दंडाचा आला. मराठी ‘ल’वर कोणी बंदी घातली नव्हती. आयता मिळालेला फॉन्ट आपण कधी बदलला नाही, इतकेच.

ज्यांच्या घरी किंवा दुकानात उबुंटू, डेबियन, फेडोरा यांपैकी एखादी मुक्त प्रणाली चालते, त्यांना हा बदल फुकट आणि दहा मिनिटांत करता येतो. त्याआधी थोडे गिरगावात जाऊन येऊ.

शिशातली अक्षरे

जावजी दादाजी चौधरी हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हाताखालचे काम करत करत टाइप ओतण्याची विद्या शिकले. १८६४मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. गिरगाव-काळबादेवीच्या सीमेवरच्या कोलभाट गल्लीतून निघालेली निर्णयसागरची संस्कृत पुस्तके पुढे देशोदेशींच्या ग्रंथालयांत गेली. अक्षरांचे ठसे कोरणारे कारागीर होते राणूजी रावजी आरू. पोलादी ठसा कोरायचा, तो तांब्यात दाबून साचा करायचा, साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा, की एक खिळा तयार.

खिळे जुळवून ओळी लावणाऱ्या इंग्रजी जुळाऱ्याचे काम शे-दीडशे घरांच्या केसवर भागत असे. देवनागरीत अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वरच्या-खालच्या मात्रा, रफार धरून खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाई. खिळे कमी कसे करता येतील, यावर लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी डोके चालवले. सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी सुचवली: ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’. या साऱ्या खटपटीचा लेखाजोखा बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१च्या ग्रंथात सापडतो. नाईक हे शासकीय मुद्रण विभागाचे संचालक, आणि त्या विभागाचा मुख्य छापखाना चर्नी रोडलाच. थोडे पलीकडे खटाववाडीत मौज प्रिंटिंग ब्युरो. मराठी अक्षर कसे दिसावे, याबद्दलची आपली नजर बरीचशी या चार-सहा गल्ल्यांत घडली.

त्या काळच्या वादांचा मथितार्थ एका वाक्यात सांगायचा तर, यंत्राला झेपावी म्हणून लिपीने अंग चोरायचे. संगणकावरच्या पहिल्या पिढीच्या फॉन्टनीही तेच केले. त्या फॉन्टमध्ये जेमतेम दोनशे-सव्वादोनशे जागा असत, आणि त्याही इंग्रजी अक्षरांच्या. मग इंग्रजीतल्या एकेका अक्षराच्या जागी देवनागरीचा एकेक तुकडा बसवला गेला: इथे काना, तिथे अर्धा ‘क’. कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी या नावांनी ओळखले जाणारे जुने फॉन्ट या जातीचे. म्हणून जुन्या लग्नपत्रिकेची किंवा सोसायटीच्या अहवालाची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मराठी कधी नव्हतेच. मराठीचा मुखवटा घातलेले इंग्रजी होते. अशा फाइली परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणणे हाच त्यावरचा टिकाऊ इलाज.

अदृश्य जुळारी

आजच्या ओपनटाइप फॉन्टमध्ये ६५ हजारांवर आकृत्या मावतात. आयआयटी मुंबईच्या ‘शोभिका’ या मुक्त फॉन्टमध्ये जोडाक्षरे आणि वैदिक स्वरचिन्हे धरून देवनागरीच्या सोळाशेहून अधिक आकृत्या आहेत. लिपीने अंग चोरण्याचे दिवस संपले. प्रश्न उरतो तो एवढ्यातून नेमकी आकृती उचलणार कोण?

मुक्त प्रणालीत हे काम तीन आज्ञावली वाटून घेतात. ‘फॉन्टकॉन्फिग’ म्हणजे भांडारपाल: संगणकात कोणते फॉन्ट आहेत आणि मागणीला त्यांतला कोणता द्यायचा, हे ती ठरवते. ‘हर्फबझ’ म्हणजे जुळारी. नाव फारसीतले: हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे, अर्थात ‘ओपन टाइप’चेच भाषांतर. ‘फ्रीटाइप’ म्हणजे छपाईयंत्र: अक्षराच्या वक्ररेषा घेऊन ती पडद्यावरचे ठिपके रंगवते.

जुळाऱ्याची करामत ‘गिरगाव’ या शब्दातच दिसते. आपण आधी ‘ग’ टंकतो, मग ऱ्हस्व वेलांटी. साठवण त्याच क्रमाने होते. वेलांटी दिसते मात्र ‘ग’च्या डावीकडे. हर्फबझ ती उचलून पुढे नेऊन ठेवते. ‘सर्व’ लिहिताना ‘र’ आणि हलन्त यांचा रफार करून तो पुढच्या ‘व’च्या डोक्यावर बसवणारीही तीच. मराठीत आणखी एक नाजूक जागा आहे. ‘आचार्यांना जेवायला बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावले’ ही दोन वाक्ये वेगळी: पहिल्यात गुरुजी जेवणार, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला आडवा ‘ऱ्’ हिंदीला लागत नाही. फॉन्ट करणाऱ्याने मराठीचा विचार केलेला नसेल, तर तो तुटका दिसतो किंवा हलन्त उघडा पडतो.

‘ल’चे कोडेही इथेच सुटते. चांगल्या फॉन्टमध्ये ‘ल’च्या दोन्ही आकृत्या असतात आणि सोबत एक सूचना: मजकुराची भाषा मराठी असेल तर पाकळ्यांचा वापर. जुळाऱ्याला भाषा कोणी सांगितलीच नाही, तर तो आपला नेहमीचा खिळा उचलतो. मराठीत लिहिले म्हणजे संगणकाला मराठी कळले, असे होत नाही. लिपी त्याला दिसते. भाषा सांगावी लागते.

बसवावा कसा

सर्वांत सोपा मार्ग प्रणालीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारातून जातो. तिथे ‘लोहित’, ‘नोटो’ असे देवनागरी फॉन्ट तयार असतात. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट कंपनीने दिलेला म्हणून ते नाव. ‘नोटो’ म्हणजे ‘नो टोफू’: फॉन्टमध्ये अक्षर नसले की जो रिकामा चौकोन दिसतो त्याला टोफू म्हणतात, आणि तो कुठल्याही भाषेत दिसू नये हा या संचाचा हेतू.

भांडारात नसलेला फॉन्ट बाहेरून उतरवला, की टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल हाती येते. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की नमुना दिसतो आणि बाजूला ‘इन्स्टॉल’चे बटण. हाताने करायचे असेल, तर आपल्या होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा, ‘डॉट लोकल’ आणि त्यातल्या ‘शेअर’मध्ये ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर करा, आणि फाइल त्यात टाका. इथे ठेवलेला फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता असतो, म्हणून पासवर्ड लागत नाही. नको झाला तर फाइल पुसून टाका. टर्मिनलची भीती नसेल, तर ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा भांडारपालाला नवी मोजदाद करायला लावते आणि ‘एफसी-लिस्ट’ यादी दाखवते. मग लिब्रेऑफिस ही लेखनाची आज्ञावली बंद करून पुन्हा उघडा.

इथे नवखे हमखास अडतात. लिब्रेऑफिसमध्ये इंग्रजीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा, असे दोन फॉन्ट स्वतंत्र ठेवलेले असतात. पर्यायांमधल्या भाषा-विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण चालू करा आणि तिथे मराठी निवडा. जुळाऱ्याला भाषा सांगण्याची जागा हीच. फॉन्टमध्ये सोय असेल, तर त्या क्षणी दंडाचा ‘ल’ पाकळ्या उघडतो.

निवडावा कसा

फॉन्टच्या नावावरून किंवा ‘कखग’च्या नमुन्यावरून निवड करू नका. स्वतःची एक कसोटीची ओळ ठेवा. माझी अशी आहे: ‘लालबाग, शिवडी, परळ, गिऱ्हाईक, आचाऱ्यांना, ऱ्हास, श्रद्धा, चिठ्ठ्या, कृष्ण, ज्ञान, ॲप, ऑफिस.’ ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचे आले? ‘चिठ्ठ्या’ कोसळली का? ‘ॲप’मधला ‘ॲ’ शेजाऱ्यांपेक्षा जाड किंवा बारीक दिसतो का? हे अक्षर मराठीसाठी युनिकोडमध्ये आले २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसेल, तर भांडारपाल दुसऱ्याच फॉन्टमधून उसने आणतो, आणि ते अक्षर लगेच उपरे दिसते.

दुसरी गोष्ट आकाराची. देवनागरीला त्याच उंचीत वरची मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार बसवायचा असतो. त्यामुळे १२ पॉइंटचे मराठी १२ पॉइंटच्या इंग्रजीपेक्षा लहान वाटते. मराठी एक-दोन पॉइंट वाढवा आणि ओळींत हवा ठेवा. तिसरी गोष्ट कामाची. सलग वाचनाला बारीक-जाड रेषांचा पारंपरिक फॉन्ट बरा; पडद्यावरच्या बटणांना आणि तक्त्यांना एकसारख्या जाडीचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ सात जाड्यांत मिळतो, आणि त्यांचाच गुबगुबीत ‘मोदक’ मथळ्यापुरताच शोभतो. त्यात अख्खे परिपत्रक लिहिले तर वाचणाऱ्याला जड जाईल. राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे फॉन्ट तर मराठी डोळ्यासमोर ठेवूनच केलेले आहेत. आणि निवडलेले दोन-तीन पुरेत. शेकडो फॉन्ट कोंबून यादी लांबते, अक्षर सुधारत नाही.

परवानाही पाहा. यांतले बहुतेक फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत. ते वापरावेत, वाटावेत, पुस्तकात किंवा फ्लेक्सवर छापून पैसे कमवावेत, उघडून दुरुस्तही करावेत. नुसता फॉन्ट तेवढा विकू नये. ‘शोभिका’ची देवनागरी ‘यशोमुद्रे’वर उभी राहू शकली ती या मोकळिकीमुळे. पुस्तकी वळण हवे असेल त्यांनी ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहावा. हार्वर्डच्या मूर्ती ग्रंथमालेसाठी झालेल्या कामातून आलेल्या या फॉन्टमागे निर्णयसागरच्या खिळ्यांची प्रेरणा आहे, आणि मराठीची वेगळी आवृत्ती त्यात मुद्दाम केलेली आहे. कोलभाट गल्लीतले वळण जग फिरून आले आणि आता फुकट उतरवता येते.

तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती. यंदा फलकाची फाइल छपाईला पाठवण्याआधी भाषा मराठी केली आहे का ते बघा, पडदा मोठा करा, आणि लालबागचा ‘ल’ एकदा नीट पाहून घ्या.