साष्टीचे जुने अन्न आणि आजचा शेतकरी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही गावे ज्या साष्टी बेटावर वसली, ते बेट एके काळी भाताच्या खाचरांचे होते. १९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंतचा मुलूख मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. पुढे खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. खाचरांबरोबर तेथील अन्नाची रीतही मोडली. तीच रीत आता ठाणे-पालघरकडील आपल्या घरांतूनही मोडू लागली आहे, म्हणून हा विचार.

ती रीत जमिनीच्या प्रतीस धरून होती. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी व वरी, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, खाडीची मासळी, आणि पावसाळ्यात टाकळा-कुर्डूची भाजी. त्या काळी सर्व सुखच होते असे नव्हे. श्रावण-भाद्रपदात कणग्या रित्या होऊन गरिबांस पातळ पेजेवर दिवस काढावे लागत. परंतु पोटात जे जाई, ते सकस असे.

आज आपण चांगले भात विकतो आणि दुकानचा पांढराशुभ्र तांदूळ आणतो. जावा बेटात आइकमन या डच वैद्याने गेल्या शतकापूर्वीच दाखविले की, केवळ सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्याने त्या बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम चुना असतो. सडीक तांदळात तो दहाही नसतो. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त उणे आढळले. एकट्या नाचणीने हे दुखणे हटणार नाही. पण ताट एकसुरी करून ते खचितच वाढेल.

घरच्या बायकांनी पुन्हा मुसळ हाती घ्यावे, असे कोणी म्हणू नये. गिरणीवाल्यास एकच हात कमी द्यावयास सांगितले की पुरे. असडी तांदूळ कोंड्यातील तेलामुळे लवकर खवट होतो. म्हणून साठा भाताचाच ठेवावा व पंधरा दिवसांपुरतेच भरडून आणावे.

वाल घ्यावयाचा असेल त्या खाचरात हळवे भात लावावे, म्हणजे ओल हाती लागते. वालाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीस देतात, आणि भाताच्या प्रथिनांतील उणीव बिरड्याने भरून निघते. एकच पीक शेतास व शरीरास दोहोंस उपयोगी पडते.

नाचणीस मजुरी फार व उतारा थोडा, ही तक्रार खरी आहे. तेव्हा बाजाराकरिता नव्हे, घरापुरती चार-पाच गुंठे वरकस जमीन तिच्यासाठी राखावी. विक्रीचा हिशेब आपण दरसाल मांडतो. येत्या खरिपापूर्वी प्रत्येक खातेदाराने घरच्या ताटाचाही मांडून पाहावा.