चराऊ कालवडींचा पूरक खुराक
कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, राधानगरी व शाहूवाडी तालुक्यांत, पावसाळा सरल्यावर डोंगरउतारांवरील गवत पक्व होऊन वाळते. त्यातील प्रथिने बहुधा शेकडा ५ च्याही खाली येतात. कोठीपोटातील सूक्ष्मजंतूंस मात्र तंतुमय चारा पचविण्यासाठी चाऱ्यात ती शेकडा ७ च्या आसपास लागतात. म्हणून कालवडीस प्रथम थोडी सरकीची वा शेंगदाण्याची पेंड द्यावी; त्यायोगे वाळलेले गवतही ती अधिक खाते व पचविते. याउलट मक्यासारखे धान्य भरपूर दिल्यास आम्लता वाढून तंतूंचे पचन मंदावते आणि रानातील गवताची जागा विकतचे धान्य घेते. सबब खुराकाचा लाभ केवळ वाढलेल्या वजनावरून न ठरविता, त्या वाढीचे मूल्य व खुराकाचा खर्च यांतील अंतरावरून ठरवावा. पहिले वेत किती महिने अलीकडे आले, हेही त्या हिशेबात धरणे अवश्य आहे.