एका उतारावर हावडा ब्रिज

कोलकात्यात बर्फाचं वजन फक्त मासेवाल्याला माहीत असतं. बाकीच्यांच्या मनात तो पांढरा, हलका, फोटोत छान दिसणारा. दिघा, पुरी, दार्जिलिंग ही इथल्या सुट्टीची तीन ठरलेली गावं. लोक लाडाने 'दी-पु-दा' म्हणतात. शहरात एप्रिलचा उकाडा सुरू झाला की यातला 'दा' आणखी लांबतो आणि गंगटोकमार्गे सिक्कीममधल्या नथू-ला खिंडीपर्यंत पोचतो. नेमका तेव्हाच वरचा बर्फ जड होत असतो.

किती जड? हावडा ब्रिजमध्ये सुमारे 26,500 टन पोलाद आहे. ताज्या भुरभुरीत बर्फाचा घनमीटर जेमतेम शंभर किलो भरतो. उन्हाळ्याच्या तोंडावर दबलेला, पाणी प्यायलेला बर्फ चारशे-पाचशे किलोंवर जातो. आपण 425 धरू. अडीचशे मीटर लांब, तेवढाच रुंद आणि फक्त मीटरभर जाड असा थर घेतला तर 62,500 घनमीटर, म्हणजे 26,562 टन. अख्खा पूल, वर थोडे सुटे पैसे! हा थर वितळवला तर शहराला पाणी पुरवणारी टाला टाकी जवळजवळ दोन तृतीयांश भरेल, आणि ती टाकी 90 लाख गॅलनची आहे. आता हा पूल 38 अंशांच्या उतारावर आडवा ठेवा. हिमकडे बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवरूनच सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ बसून राहतो, फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही.

मला थक्क करतं ते वजन नव्हे. तो थर सुटायला लागणारी किंमत किती क्षुल्लक, ते. उणे आठ अंशांचा घनमीटरभर बर्फ शून्यावर आणायला लागते दोन युनिट वीज. घरातला पंखा दिवसभर फिरला की एवढीच जळते. तोच बर्फ पूर्ण वितळवायचा तर जवळपास चाळीस युनिट हवीत. पण कडा कोसळायला पूर्ण वितळण्याची गरजच नसते. वरचं ऊन पृष्ठभाग वितळवतं, पाणी झिरपून खाली गोठतं आणि गोठताना आपली उष्णता सोडतं. 425 किलोंचा तो ठोकळा शून्यावर आणायला असं 21 लिटर पाणी पुरे. म्हणजे दारात येतो तो पिण्याच्या पाण्याचा एक जार. त्यानंतर झिरपणारं पाणी गोठत नाही. कणाकणांमधले सांधे सुटत जातात आणि खाली एखादा कडक थर लागला की पाणी त्यावर पसरतं. जुना मळकट बर्फ दुपारच्या उन्हाचा निम्म्याच्या आसपास वाटा शोषतो, म्हणजे चौरस मीटरला चार-पाचशे वॅट. दोन युनिटांना चार-पाच तास. वारा, गारवा यांचा हिशेब मी सोडला आहे, पण जाणते गिर्यारोहक अशा उतारांवरून पहाटेच का निघून जातात ते या भागाकारात दिसतं.

हावड्याचीच गिर्यारोहक छंदा गायेन. 18 मे 2014 रोजी ती कांचनजंगाच्या माथ्यावर होती. दोन दिवसांनी शेजारच्या यालुंग कांगकडे जाताना हिमकड्याने तिला आणि दोन शेर्पांना नेलं. तिथली उंची वेगळी, बर्फही वेगळा, पण महिना मेचाच. नथू-लाच्या रस्त्यावर मात्र गिर्यारोहक नव्हते, सुट्टीवर आलेली माणसं होती. 4 एप्रिल 2023, दुपारी बारा वाजून गेलेले, पंधरावा मैल. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते. हिमकडा कोसळला, सात जण गेले.

अडकलेल्यांना काढायला जवान आणि स्थानिक लोक धावले. त्यांचं गणित असं असतं: स्वित्झर्लंडमधल्या जुन्या नोंदींनुसार पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ वाचतात, पस्तीस मिनिटांनी तीनच. मीटरभर खाली असलेल्या माणसासाठी दोन घनमीटर उपसायचे धरले, तर तो सिमेंटसारखा घट्ट बसलेला एक टन बर्फ. फावड्यात पाच किलो येतो म्हटलं तर दोनशे फावडी. पंधरा मिनिटांत दोनशे, म्हणजे दर साडेचार सेकंदांना एक. आणि तेही माणूस नेमका कुठे आहे हे ठाऊक असेल तर.